रिकाम्या टाकीचं उत्तर

पाणबुडी बांधणाऱ्या माणसांना समुद्र दिसत नाही, हे बाहेरच्या कोणाला सांगितलं की त्याला खोटं वाटतं. आमचा हॉल खाडीच्या अगदी काठावर आहे, भिंतीपलीकडे पाणी आहे, पण त्या भिंतीला एक खिडकी नाही. वरून जाणाऱ्या उपग्रहांना काही दिसू नये म्हणून छप्पर बंद, दारं बंद, आणि आत बारा महिने एकाच रंगाचा पांढरा उजेड. सकाळी शिरताना बाहेर पाऊस होता की ऊन, ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत विसरायला होतं. मी या हॉलच्या क्रेनवर बसते. क्रेन आता पडद्यावर बघून दुरूनही चालवता येते, पण पाणबुडीच्या अंगाची घराएवढी पोलादी कडी हवेतून नेताना वर एक माणूस डोळे उघडे ठेवून बसलेला असावा, असं नौदलाला अजून वाटतं. त्या वाटण्यावर माझी नोकरी टिकून आहे.

वरून माणसं लहान दिसतात, पण कोण कोणाला टाळतो ते मात्र लख्ख दिसतं. त्या वर्षी माझा धाकटा भाऊ हर्षद आणि त्याची बायको ऋजुता एकाच छपराखाली काम करत होती आणि एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. ती पाणबुडीच्या या टोकाला असली की तो त्या टोकाला. मला दोघंही दिसायची आणि जीव तुटायचा. कधी कधी सरळ रागच यायचा. वाटायचं, हुक खाली सोडावा, दोघांना कॉलरला अडकवून उचलावं आणि एका जागी आणून ठेवावं.

कारण असं की ऋजुताचे वडील, आमचे वासूकाका तारी, टाकीत गेले तेव्हा टाकीच्या तोंडावर हर्षद बसलेला होता.

हे तोंडावर बसणं काय, ते सांगते. पाणबुडीच्या पोटात मोठाल्या टाक्या असतात. त्यांत समुद्राचं पाणी घेतलं की ती बुडते, हवा भरून पाणी बाहेर ढकललं की वर येते. लांबलचक सरळ वेल्डिंग यंत्रं करतात, पण टाकीच्या कोपऱ्यांत, फासळ्यांच्या मागे अजून माणसालाच सरपटत जावं लागतं. तो आत असेपर्यंत दुसरा एक माणूस बाहेर मॅनहोलच्या तोंडाशी बसतो. जाड पोलादात वायरलेस चालत नाही, म्हणून आमच्याकडे ठोक्यांची रीत आहे. तोंडावरच्याने अधूनमधून पान्याने तीन ठोके द्यायचे, बरा आहेस ना? आतल्याने दोन द्यायचे, बरा आहे. उत्तर आलं नाही तर भोंगा वाजवायचा, नळकांड्याचा मास्क चढवायचा आणि मगच आत जायचं.

हवा मोजणारं यंत्रही प्रत्येकाला दिलेलं असतं, कॉलरला लावायचं. पण वेल्डिंगच्या धगीने ते उगाच पिपाणीसारखं वाजत सुटतं, म्हणून आमची जुनी मंडळी ते मॅनहोलच्या बाहेर खिळ्याला अडकवून आत जायची. वासूकाका त्यांतले पहिले. "त्या पिपाणीक कायव कळना नाय," म्हणायचे, "माझो जावई बसलो हा नाय तोंडार?"

त्या दिवशी वेल्डिंगला लागणाऱ्या आर्गॉन वायूच्या नळीचा सांधा आतच कुठेतरी ढिला झाला. आर्गॉन विषारी नसतो, त्याला वास नसतो, तो फक्त जड असतो. खोलगट जागेत तो तळापासून साचत जातो आणि श्वासापुरती हवा वर ढकलून देतो. आत बसलेल्याला गुदमरल्यासारखंही होत नाही. दोन-चार श्वास घेतो आणि मान टाकतो. चहाचा भोंगा झाला तरी काका बाहेर आले नाहीत, म्हणून हर्षद मास्क लावून आत गेला आणि त्यांना ओढत घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, माणूस जाऊन बराच वेळ झाला आहे.

इथे सगळं फिसकटलं. कारण हर्षद सांगत होता की भोंगा होईपर्यंत त्याने पुन्हा पुन्हा ठोके दिले आणि दर वेळी काकांनी उत्तर दिलं.

मेलेला माणूस उत्तर देत नाही, हे चौकशी समितीला कळायला फार डोकं लागलं नाही. त्या सकाळी हर्षद दाराजवळ फोनवर बोलताना कोणीतरी पाहिला होता. तो म्हणाला, ते काम सुरू होण्याआधी. समितीने लिहिलं, जागा सोडून गेला होता आणि आता खोटं बोलतो आहे. त्याला टाक्यांच्या कामावरून काढून रंगाच्या गोदामात टाकलं. गावात शिमग्याला पालखी नाचवायला पोरं घरोघर हाका मारत गेली, आमच्या दारावरून मात्र मुकाट पुढे गेली. आणि ऋजुता बॅग भरून वडिलांच्या रिकाम्या घरात राहायला गेली.

मी त्याला एकदा समोर बसवून विचारलं होतं.

"मी खंयच गेलंय नाय गो, ताई," तो म्हणाला. "तीन दिलंय, काकांनी दोन दिल्यानी. उलट त्या दिवशी उत्तर नेहमीपेक्षा स्वच्छ येय होता. कानात बसला हा माझ्या."

हे 'स्वच्छ' त्याने समितीपुढेही सांगितलं होतं. खोटं बोलणारा माणूस जास्तीचं मीठमसाला लावतो, असं त्यावर एक साहेब म्हणाले. मी माझ्या भावावर विश्वास ठेवला, पण तो बहिणीचा विश्वास. त्याला बाजारात कोण विचारतो?

आता ऋजुताच्या कामाविषयी सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. ती ध्वनीची इंजिनिअर. पुण्यात शिकली, आणि वडील जिथे वेल्डर होते त्याच हॉलमध्ये साहेब होऊन आली. काकांनी त्या दिवशी सगळ्या पाळीला पेढे वाटले होते.

खोल पाण्यात पाणबुडी काही बघू शकत नाही आणि तिला शोधणाराही तिला बघू शकत नाही. सगळा खेळ कानांचा. जिचा आवाज कमी ती जगणार. ऋजुता बनवत होती ते 'मौनकवच' म्हणजे पाणबुडीच्या पोलादाला आतून-बाहेरून चिकटवलेल्या तळहाताएवढ्या लाद्या. या लादीला थरथर पोचली की तिच्यात वीज तयार होते, आणि वीज दिली की ती थरथरते. म्हणजे तीच कान आणि तीच तोंड. खाडीत दोन बाजूंनी दोन होड्या आल्या आणि एकीच्या लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला की तेवढं पाणी क्षणभर सपाट होतं, ते आम्ही लहानपणापासून बघतो. लादी तेच करते. आलेल्या आवाजाच्या बरोबर उलटा आवाज काढते आणि दोन्ही मिळून शांतता होते.

अडचण एकच. पोलादातून आवाज इतक्या वेगाने पळतो की तो ऐकून, त्याचा उलटा बनवून काढेपर्यंत तो निघूनही गेलेला असतो. म्हणून कवचाला पुढचा आवाज आधीच ओळखावा लागतो. पंपाचा पुढचा दणका कधी येणार, झडप कधी खटकणार, हे अनुभवाने जाणून त्याने तयार राहायचं. त्या अनुभवासाठी पाणबुडी बांधली जात असतानाच लाद्या बसवल्या आणि कवचाला महिनोन्‌महिने आमच्या हॉलचे आवाज ऐकवत ठेवलं. आधी ते दिवसा फक्त ऐकणार होतं. मग पाण्यात उतरवायची तारीख जवळ आली तेव्हा ऋजुताने सुचवलं की हलक्या ताकदीने त्याला दिवसाही बोलू द्यावं, लवकर शिकेल. वरची मंडळी खूश झाली.

आणि हॉल खरंच मुका होत गेला. मला वरून हातोडा पडताना दिसायचा, ठिणग्या दिसायच्या आणि आवाज मात्र चादरीखालून आल्यासारखा यायचा. टाकीतल्या माणसांची उत्तरंही बसकी येऊ लागली आहेत, अशी तोंडावर बसणाऱ्यांची कुरकुर होती. ऋजुता हसून म्हणायची, "म्हणजे शिकतंय ते."

काकांच्या जाण्यानंतर ती टाकी बंद ठेवली होती. नुसतं मॅनहोल उघडं, भोवती दोरी. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत, यंत्रं थांबलेली असताना, गावडे मुकादमांच्या हाताखालचा एक जण दोरीला टेकून विडी ओढत होता. हातात पाना होता. हाताला सवय, त्याने सहज तोंडावर तीन ठोके मारले.

आतून दोन ठोके आले.

त्या माणसाची विडी आणि चप्पल तिथेच राहिली. गावडे स्वतः गेले, त्यांनी ठोकलं, त्यांनाही उत्तर मिळालं. आणि उत्तर कोणाचं ते ओळखायला जाणकार लागत नव्हता. वासूकाका दोन ठोके सरळ द्यायचेच नाहीत. पहिला जोरात, मग अंमळ थांबून दुसरा हलकेच, घाईघाईने, जणू कामातून मान वर न करता दिलेला. पाळीतल्या प्रत्येकाला तो ठाऊक होता.

"वासूदादा आत आसा," गावडे मला खालून ओरडून म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "जाऊक तयार नाय तो."

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना सगळ्यांनी हेल्मेटं काढली आणि टाकीच्या तोंडाशी गाऱ्हाणं घातलं. गावड्यांच्या हातात नारळ. "बा देवा म्हाराजा! ह्या पोलादाच्या घरात आमच्या हातान जा काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल, आणि वासुदेवाचो जीव हय अडाकलो आसात तर तेका मोकळो कर रे म्हाराजा!" आणि सगळे एका आवाजात, "व्हय म्हाराजा!" साहेब लोक काचेच्या खोलीतून दिसत नसल्यासारखं बघत होते. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. त्या 'व्हय म्हाराजा'चा नाद छपरापर्यंत पोचला नाही, मधेच कुठेतरी विरघळला.

नारळाने काही झालं नाही. टाकी उत्तर देतच राहिली.

ऋजुता हे ऐकून चिडली होती. बापाच्या मरणाचा तमाशा केला म्हणाली. तीही काही दिवस त्या बाजूला फिरकली नाही. शेवटी मीच एका सुट्टीत क्रेनवरून उतरले आणि तिला म्हटलं, "भूत असो नाहीतर काही असो, तुझ्या बाबांचा ठोका आहे. तू एकदा ऐक."

"ताई, तुम्हीपण?"

"मी अडाणी आहे समज. पण चल."

तोंडाशी पोचल्यावर मी पाना तिच्या हातात दिला. तिने तीन ठोके दिले ते रागाने. आतून उत्तर आलं. एक जोरात, आणि मग हलकेच दुसरा.

ऋजुता खाली बसली. तिने दोन्ही हातांनी मॅनहोलची कड धरली आणि आत वाकून, त्या काळोखाला, "बाबा," अशी हाक मारली. त्या हाकेने मी रडले. तिने पुन्हा ठोकलं, पुन्हा ऐकलं, आणखी एकदा ठोकलं. मग हळूहळू तिचा चेहरा बदलला. तिने कान पोलादाला लावला.

"किती स्वच्छ येतंय," ती पुटपुटली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि तिच्या खोलीकडे निघाली. जवळजवळ पळतच.

दुसऱ्या दिवशी ती शिडी चढून माझ्या क्रेनच्या केबिनमध्ये आली. तिथे तिसरं कोणी ऐकत नाही म्हणून. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती.

"हर्षद खरं बोलत होता," ती म्हणाली.

मी ऐकत राहिले. ती सांगत गेली. कवच हॉलचे आवाज शिकलं, तशी आमची रीतही शिकलं. तीन ठोके पडले की थोड्या वेळाने दोन येतात, हे त्याला कळलं. म्हणून तीन पडले की ते त्या दोनांचा उलटा आवाज काढायला तयार राहायचं. काका जिवंत असताना त्यांचा ठोका आणि कवचाचा उलटा ठोका एकमेकांवर पडून दोन्ही बरेचसे मरायचे. म्हणून उत्तर बसकं यायचं. माणूस यंत्रासारखा नेमका नसतो, म्हणून थोडं उरायचं, तेवढं ऐकू यायचं.

"आणि ज्या दिवशी बाबांनी उत्तर दिलंच नाही," ती म्हणाली, "त्या दिवशी कवचाचा ठोका एकटाच उरला. त्याला मारायला समोर काही नव्हतं. उलटा आवाज कानाला सुलट्यासारखाच लागतो, ताई. काही फरक कळत नाही. हर्षदला तो ऐकू आला. स्वच्छ."

"म्हणजे काका गेले आणि..."

"माझं कवच बरा आहे, बरा आहे म्हणत राहिलं. मीच त्याला दिवसा बोलू दिलं होतं."

मला तिची दया आली, पण त्याहून जास्त काय वाटलं तर आनंद. माझा भाऊ सुटला! मी म्हटलं, "चल, आत्ता भागवतसाहेबांकडे जाऊ." भागवतसाहेब म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख, नौदलातून निवृत्त झालेले, समितीचे अध्यक्ष तेच.

ती हलली नाही. "जाऊ. पण सांगितलं की ते शिकलेलं सगळं पुसायला लावतील. थोडे दिवस थांबा, ताई. टाकी बंदच आहे, बाकीच्या टाक्यांचं काम संपलंय, आत कोणी जात नाही."

मी हो म्हटलं. त्या चेहऱ्याला नाही म्हणणं मला जमलं नाही.

त्यानंतर रोज सुट्टीत मी वरून बघायची. सगळे जेवायला गेले की ऋजुता डबा घेऊन टाकीच्या तोंडाशी जाऊन बसायची. तीन ठोके द्यायची. ऐकायची. एक घास खायची, पुन्हा द्यायची. बापाबरोबर जेवत असल्यासारखी. हे आहे काय ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरीही. दिवसेंदिवस ती वाळत चालली. डोळे खोल गेले. कोणी हाक मारली तर दोनदा मारावी लागे. भुताने झपाटलेली माणसं मी गावात पाहिली आहेत, ती अशीच दिसतात. आणि तिकडे हर्षद गोदामात रंगाचे डबे रचत होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. एक दिवस मला म्हणाला, "ताई, मी राजीनामो देतंय. गोव्याक ट्रॉलरवर काम गावला हा. हय माझ्या तोंडाकडे बघूक कोण तयार नाय." मी गप्प बसले, आणि गप्प बसताना मला ऋजुताचा पहिल्यांदा खराखुरा संताप आला.

त्याच दिवशी गावडे सांगत आले की टाकीतलं राहिलेलं काम पुरं करायचा हुकूम झाला आहे, उद्या सकाळी एक जण आत जाणार.

मी शिडी उतरले ती थेट टाकीपाशी. ऋजुता तिथेच होती, पाना मांडीवर.

"उठ," मी म्हटलं.

"ताई, फक्त आजचा दिवस..."

"उद्या आत माणूस जाणार आहे. तुझे बाबा नव्हे, कोणाचा तरी दुसरा बाप. तो आत मेला तरी तुझी टाकी बरा आहे म्हणेल. आणि तोंडावर बसलेल्या पोराचं पुढचं आयुष्य हर्षदसारखं जाईल. ऐकत बस मग दोघांचे ठोके!"

मी हे इतक्या कठोरपणे बोलायला नको होतं असं लोक म्हणतील. म्हणोत. ऋजुता माझ्याकडे बघत राहिली, एखाद्याला गदागदा हलवून उठवल्यावर तो बघतो तशी. मग उठली, डबा तिथेच टाकला आणि भागवतसाहेबांच्या खोलीत गेली. उद्याचं काम त्याच तासाला थांबलं.

भागवतसाहेब वाईट माणूस नाहीत, पण पटकन पटवून घेणारेही नाहीत. "भुताटकीवर मी अहवाल बदलू शकत नाही," ते म्हणाले. "करून दाखवा."

ऋजुताने दोन गोष्टी करून दाखवायचं ठरवलं. पहिली सोपी. आत कोणी ठोकायचं नाही, तोंडावर ठोके, तरी आतून उत्तर. पण तेवढ्याने कोणी म्हणेल, पोलादाचा प्रतिध्वनी असेल. म्हणून दुसरी. आत माणूस बसवायचा आणि त्याने कवचाला जोडलेल्या टॅबवर नेमका क्षण बघून अगदी काकांसारखं उत्तर द्यायचं. तिचं म्हणणं खरं असेल तर बाहेर काहीच ऐकू येणार नाही. काकांचा ठोका हुबेहूब देऊ शकेल असं एकच माणूस होतं, ती स्वतः. आणि बाहेरून ठोके द्यायला हर्षद हवा होता, कारण कवचाने सगळ्यात जास्त ऐकले होते ते त्याचे.

हर्षदला तिने सगळं स्वतः सांगितलं. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा ती दोघं समोरासमोर उभी होती. मी वरून बघत होते. ती बोलत होती, तो मान खाली घालून ऐकत होता. तिने दोनदा समजावलं, कागदावर लाटा काढून दाखवल्या. शेवटी तो एवढंच म्हणाला, ऋजुताने नंतर मला सांगितलं, "म्हणजे तुका माझा पटला, ता यंत्रामुळे." तो गोदामाकडे परत गेला.

चाचणीच्या सकाळी हॉलमधली सगळी यंत्रं बंद केली. मला क्रेनवर बसायचं काम नव्हतं, मी खाली तोंडापाशीच होते. भागवतसाहेब, समितीचे दोघे, मागे गावडे आणि पाळीची माणसं. टाकीतली हवा तपासून झाली होती, चांगली होती. तरीही ऋजुताने मास्क चढवला, हातोडी आणि टॅब घेतला आणि आत सरपटत गेली.

आधी तिने नुसतं बसायचं होतं. हर्षदने पाना उचलला. तीन ठोके.

आतून उत्तर आलं. पहिला जोरात, दुसरा हलका. गावड्यांनी डोळे मिटले. भागवतसाहेब पुढे वाकले आणि "पुन्हा," म्हणाले. पुन्हा तेच. समितीतला एक जण, तोच मीठमसालावाला, खिशातून रुमाल काढून मान पुसू लागला.

"आता दुसरी," भागवतसाहेब म्हणाले. हर्षदने मॅनहोलमध्ये तोंड घालून ओरडून सांगितलं, "ऋजू, आता तू दे!"

त्याने तीन ठोके दिले.

काही आलं नाही.

हेच व्हायचं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, हर्षदला तर कागदावर काढून दाखवलं होतं. ही शांतता म्हणजे आत ती जिवंत आहे, हात चालतो आहे. भागवतसाहेबांचा चेहरा उजळलाही. हर्षदने पुन्हा तीन दिले. काही नाही. मी त्याच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं, त्याने कान पोलादाला लावला होता. त्याने तिसऱ्यांदा ठोकलं, आणि त्या टाकीतून एवढासाही आवाज आला नाही.

"उत्तर येऊक नाय," तो म्हणाला.

"अहो, तेच तर..." समितीतले साहेब बोलायला लागले.

"उत्तर येऊक नाय!" हर्षद किंचाळला आणि हातातला पाना टाकून आत घुसला. मास्क खिळ्यालाच होता. भोंगा नाही, मास्क नाही, काही नाही. पोटावर सरपटताना त्याचे बूट दिसले आणि नाहीसे झाले. गावडे "अरे, अरे" करत पुढे धावले.

मी मॅनहोलमध्ये डोकं घातलं. आत ऋजुताचा दिवा होता. ती फासळीला टेकून बसली होती, हातोडी अजून हातात, आणि हर्षदने तिचे दोन्ही खांदे धरले होते.

"तू बरी आसस मां? बोल, ऋजू! बरी आसस मां?"

तिने मास्क काढला. "बरी आसय रे. ठोकलं होतं मी. तिन्ही वेळा ठोकलं."

"माका ऐकाक येऊक नाय," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. "ठावक होता, पण माका ऐकाक येऊक नाय!"

मग तिने हातोडी खाली ठेवली आणि त्याच्या छातीवर डोकं टेकून हंबरडा फोडला. वडील गेले तेव्हा ती अशी रडली नव्हती. "तू गेला नव्हतास," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "तू कुठेच गेला नव्हतास." ते यंत्राने आधीच सांगितलं होतं तिला, लाटा काढून तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं. पण मला वाटतं, तिला ते त्या क्षणी कळलं.

भागवतसाहेब माझ्या खांद्यावरून आत बघत होते. ते मागे झाले आणि पाळीच्या माणसांना हाताने लांब व्हायला सांगितलं.

बऱ्याच वेळाने आतून ऋजुताचा आवाज आला. "हर्षद, तू बाहेर जा. मला इथे बसूनच पुसायचंय. तोंडावर तूच बस."

तो बाहेर आला, अंगभर ग्रीस लागलेला. कोणाकडेही न बघता त्याच्या जागी बसला. पाना शोधून मी त्याच्या हातात दिला. त्याने तीन ठोके दिले.

वासूकाकांचं उत्तर आलं. स्वच्छ. म्हणजे ती आत नुसती ऐकत होती. गावड्यांनी हेल्मेट काढून छातीशी धरलं.

मग ती आत टॅबवर पुसत असेल तेवढा वेळ आम्ही थांबलो. हर्षद घाम पुसत मॅनहोलकडे बघत होता. शेवटी त्याने पाना उचलला आणि पुन्हा तीन दिले.

आधी काहीच आलं नाही. हर्षद अर्धा उठला. मी त्याचा दंड धरला.

आणि मग आतून दोन ठोके आले. काकांचे नव्हते. पहिला चुकून फासळीवर पडला असावा, बदकन वाजला. दुसरा उशिरा, वेडावाकडा, पण मोठ्याने आला. हर्षद खाली बसला आणि लगेच पुन्हा तीन ठोके द्यायला लागला.